तारेतून चालत येणारे प्रोग्रॅम

४ जून

चिंगे,

गेले तीन आठवडे मी डावीकडे कलून जगतो आहे. मतं बदललेली नाहीत. खुर्चीचा स्क्रू ढिला झाला आहे. माणसाने आयुष्यभर ताठ मानेने जगावं आणि पन्नाशी उलटल्यावर एका बोटभर लोखंडाने त्याला असं वाकवावं, याहून मोठा अन्याय मला तरी माहीत नाही. देखभाल विभागाकडे रीतसर अर्ज केला. उत्तर आलं: ‘सदर खुर्ची वापरात असल्याने ती नादुरुस्त समजता येत नाही.’ म्हणजे मी पडलो की खुर्ची मोडली. तोवर मोडलाय तो माझा कणा.

तर या कललेल्या अवस्थेत हे पत्र. फोन करत नाही, कारण फोनवर आपण भांडतो. भांडायचं ते फोनवर आणि बोलायचं ते पत्रात, हा करार तूच केलास, आणि जन्म संगणकाच्या खात्यात घालवलेला हा तुझा चुलतभाऊ तो इमानाने पाळतो आहे.

माझं काम तुला कधीच कळलं नाही. मीही समजावणं सोडून दिलं होतं. पण आजच्या रडगाण्यात तुझा नवरा येतो, म्हणून पुन्हा सांगतो. आमची विमा कंपनी सगळ्या शाखांना नवे संगणक देते आहे. खोक्यातून कोरा संगणक काढायचा, तार जोडायची, एक कळ दाबायची. बाकी सगळं तो आपलं आपण करतो. मुख्य कचेरीतल्या सर्व्हरकडून आधी अक्कल मागून घेतो, मग एकामागून एक प्रोग्रॅम बसवून घेतो. पॉलिसीचा, हिशेबाचा, छपाईचा, असे डझनभर. कुणी हात लावायचा नाही. ही सगळी मांडणी माझी. सगळ्यात आधी पहारेकरी बसतो. पहारेकरी म्हणजे व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम. घरात सामान यायच्या आधी दारावर माणूस हवा, हा माझा नियम आणि माझा थोडासा अभिमानही.

खोकी सगळ्यात आधी तुमच्या गावच्या शाखेला गेली. माझ्या टेबलावर जे काम चहा निवायच्या आत होतं, ते तिथे दिवस मावळला तरी होत नाही. सकाळी लावलेला संगणक दिवे मालवायच्या वेळी तिसऱ्याच प्रोग्रॅमवर डुलक्या घेत असतो. काउंटरवरच्या बाई रोज फोन करून सांगतात, “साहेब, पडद्यावरची पट्टी हलत नाहीये.” जशी काही पट्टी माझ्याच पाठीत अडकली आहे.

आता तुमच्या शाखेची लाइन कोण बघतं? आमचे मेहुणे. तेव्हा त्यांना जरा विचार, तारेत काय उंदीर बसलाय काय.

तुझा कललेला,
दादा


१२ जून

दादा,

पत्र मिळालं. यांना वाचून दाखवलं. खुर्चीपाशी हसले, उंदरापाशी नाही.

आधी खुर्चीचं. यांचा पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर तुझ्याचकडे आहे. मागच्या खेपेस बॅगेचं हँडल बसवायला घेतलास आणि बॅगेतूनच घेऊन गेलास. घरात अवजार असताना अर्ज करणारा माणूस मी तुझ्यारूपाने पहिल्यांदा पाहिला. बसव तो स्क्रू आणि सरळ हो.

आता लाइनचं. हे म्हणतात, उंदीर नाही. म्हणतात, एखादी मोठी फाइल तिकडून नुसती मागवून बघा. बसवायची नाही, नुसती मागवायची. झरकन आली तर तारेचा दोष नाही; आल्यानंतर आतमध्ये काहीतरी अडतंय. यांनी स्वतः बघितली आणि ती झरकन आली, पण लाइनवाल्यानेच लाइन चांगली आहे म्हणण्याला काय किंमत? तू बघितलीस तर किंमत आहे.

आणि एक, हे माझं, यांनी सांगितलेलं नाही. यांचं कंत्राट या वर्षी नव्याने व्हायचंय. तुला कल्पना असेल नसेल, यांची नोकरी तुमच्या कंपनीची नाही. लाइनच्या ठेकेदाराची आहे, आणि तो शाखेचं मत बघूनच माणूस ठेवतो. वर काही लिहून पाठवणार असशील तर जपून लिही. तुझ्या जिभेला हाड नाही हे ठीक आहे, पण पेनाला टोपण असतं.

तुझी,
चिंगी


१९ जून

चिंगे,

सरळ बसून नमस्कार! स्क्रू बसला. मेहुण्यांचा स्क्रूड्रायव्हर म्हणजे रत्न आहे. हातात असा बसतो की दिसेल ते खोलून बघावंसं वाटतं. शेजारच्या टेबलाचा खणही नीट करून दिला. खात्यात माझी पत वाढली. आता इतक्यात परत मागू नका.

आता फाइल नुसती मागवण्याबद्दल. मेहुण्यांना म्हणावं, तुम्ही आणि मी एकाच विद्येचे पदवीधर, तेव्हा तुमच्याशी सरळ बोलतो. तेच प्रोग्रॅम, तीच मांडणी, अगदी त्याच कंपनीचा संगणक. माझ्या टेबलावर पळतो, तुमच्याकडे रांगतो. दोन्हींत वेगळं काय? तार. यात आणखी बघायचं काय? घरी भात शिजतो आणि शेजारी शिजत नाही, तर माणूस तांदूळ तपासतो की चूल?

बरं, तुझी काळजी समजली. पण चिंगे, तुला खात्यांची रीत कळत नाही. मी ‘लाइन अपुरी आहे’ असं लिहिलं की काय होतं? लाइनला पैसे मंजूर होतात. जाड लाइन येते. ती बसवायला माणूस लागतो. तो माणूस कोण? मी मेहुण्यांचं नाव कुठेच घेतलेलं नाही. तारेवर लिहिलंय, माणसावर नाही. कंत्राट नव्याने होईल, आणि वाढून होईल, तेव्हा मला आठव.

अहवाल काल लिहून झाला. एक वाक्य तुला आवडेल म्हणून इथे उतरवतो: ‘या शाखेत प्रोग्रॅम तारेतून येत नाहीत, चालत येतात, आणि वाटेत मुक्काम करतात.’

कसं आहे? तीस वर्षं अहवाल लिहितो आहे, पण असं वाक्य नशिबानेच एखादं सुचतं.

तुझा सरळ झालेला,
दादा


२५ जून

दादा,

वाक्य छान आहे. काढून टाक.

मी पत्र वाचत होते तेव्हा हे खिडकीची कडी दुरुस्त करत होते, ते करतच राहिले. पण मुक्कामाच्या तिथे त्यांचा हात थांबला. तुमच्यात तारेला पैसे मिळत असतील. आमच्याकडे तार म्हणजे हेच. शाखेत यांना सगळे तारमास्तर म्हणतात. तारेला नावं ठेवली की कुणाला लागतात, तूच बघ.

अहवाल पाठव, मला त्यातलं काही कळत नाही. फक्त ते एक वाक्य काढ. आणि ती फाइल एकदा मागवून बघ ना. दोन मिनिटांचं काम असेल.

चिंगी


२ जुलै

चिंगे,

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी अहवाल गेला. हे खरं आहे. पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू, तो खालच्या मजल्यावर टपालाच्या पेटीत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडून होता, आणि पत्र सकाळी आलं होतं. मी खाली जाऊन ते पान बदलू शकलो असतो. जिन्यापर्यंत गेलोही. मग वाटलं, बाकी अहवाल म्हणजे वाळवंट आहे. हे वाक्य काढलं तर कोण वाचणार? आणि वाचलं नाही तर तुमची जाड लाइन कशी येणार?

आमचे बरंका साहेब (वाक्याला दोनदा ‘बरं का’ म्हणतात, म्हणून) खुशीत आहेत. त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, “बरं का, असं लिहिता येणारी माणसं राहिली नाहीत, बरं का.” या महिनाअखेरीस ते स्वतः तुमच्या शाखेत बैठकीला जाणार आहेत. म्हणजे काम फत्ते समज.

फाइलचं राहिलं. बघतो.

दादा


८ सप्टेंबर

दादा,

बरेच दिवस पत्र लिहिलं नाही. शाळेची गडबड होती. चित्रकलेच्या बाईंना तपासायला काय असतं, असं सगळ्यांना वाटतं. सातवीच्या मुलांनी काढलेली पन्नास घरं तपासली. पन्नासांपैकी एकाही घराला मागचं दार नाही.

आम्ही जागा बदलली आहे. नवा पत्ता पाकिटावर आहे. खाली लाँड्री आहे, त्यामुळे दिवसभर वाफेचा आणि इस्त्रीचा वास वर येतो. मला आवडतो. हे आता घरी लवकर येतात. जेवायला रोज एकत्र बसतो.

तुझी पाठ कशी आहे?

चिंगी


१५ सप्टेंबर

चिंगे,

पाठ एकदम खणखणीत, मेहुण्यांची कृपा.

तर जागा बदललीत! सांगितलं नाहीस, छुपी रुस्तम. लाँड्रीच्या वर म्हणजे वरचा मजला, म्हणजे उजेड, म्हणजे भाडं दणदणीत. आणि मेहुणे लवकर घरी! कंत्राट वाढवून झालेलं दिसतंय. हाताखाली माणसं आली की वरचा माणूस लवकर घरी जातो, हा निसर्गनियम आहे. मी बोललो नव्हतो? आता कबूल कर की तुझा दादा शहाणा आहे, आणि ते वाक्य काढलं नाही तेच बरं झालं. एका ओळीत लिहून पाठवलंस तरी चालेल, मी ती फ्रेम करून लावीन.

संगणक मात्र अजून रांगतातच म्हणे. जाड लाइन यायला वेळ लागत असेल. तोवर मी बाकी शाखांची खोकी अडवून धरली आहेत. तुमच्याकडचं नीट झालं की पुढे.

तुमच्या नव्या घराला भेट काय पाठवू? स्क्रूड्रायव्हर परत पाठवला तर तो भेटीत धरशील का?

दादा


२० ऑक्टोबर

चिंगे,

तू उत्तर पाठवलं नाहीस. मी दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. रागावली असलीस तर आज राग जाईल, कारण आज मी माझ्याच थोबाडीत मारून घेण्याजोगी गोष्ट सांगणार आहे.

माझ्या टेबलावरचा चाचणीचा संगणक गेल्या आठवड्यात मेला. धूर सोडून, रीतसर. मी भांडारातून नवा आणला, तार जोडली, कळ दाबली आणि चहाला गेलो. आलो तर तो दुसऱ्या प्रोग्रॅमवर. जेवून आलो, तिसऱ्यावर. संध्याकाळी दिवे मालवताना अजून डुलक्या घेत होता. चिंगे, सर्व्हर माझ्या मागच्या भिंतीपलीकडे आहे. तार हातभर लांब. त्या तारेतून काही चालत येत असेल तर ते एकाच पावलात पोचायला हवं.

मग अखेर ती फाइल नुसती मागवून पाहिली. झरकन आली.

मग आठवलं. जुन्या संगणकावर मी दिवसभर चाचण्या करायचो. दर वेळी पहारेकरी मधे येऊन कटकट करायचा. म्हणून मीच कधीतरी पहारेकऱ्याला सांगून ठेवलं होतं, ‘या टेबलाकडे बघू नकोस.’ आणि विसरलो. ती सूट त्या जुन्या संगणकाबरोबरच गेली. माझ्या टेबलावर सगळं पळत होतं, कारण माझ्या टेबलापुरता पहारेकरी आंधळा होता. तुमच्याकडे तो डोळस होता. मीच त्याला सगळ्यात आधी दारावर उभा केलेला. त्याच्या मागून येणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या हजारो फाइली तो एकेक करून उघडत होता, हुंगत होता, मग आत सोडत होता. सामान झरकन दारापर्यंत येत होतं. मुक्काम दारात होता.

म्हणजे तांदूळ बरोबर, चूलही बरोबर. मीच पातेल्यावर बसलो होतो.

दुरुस्ती तर हसण्यासारखी आहे. सर्व्हरवरचं सगळं सामान आधीच तपासलेलं असतं. तेव्हा ते आत येऊ द्यायचं आणि पहारेकऱ्याला शेवटी बसवायचं. क्रमातली एक ओळ वरून खाली नेली. नवा संगणक चहा निवायच्या आत तयार.

मेहुण्यांना सांग, तुम्ही निर्दोष! पहिल्या दिवसापासून तुमचंच बरोबर होतं. मी बरंका साहेबांना तसं लेखी कळवणारच आहे. त्यांना म्हणावं, आता मला मनसोक्त टोमणे मारा, माझी पाठ सरळ आहे, सोसेन.

दादा


२८ ऑक्टोबर

दादा,

मेहुण्यांना सांग म्हणतोस. सांगितलं. “बरं झालं, सापडलं एकदाचं,” म्हणाले आणि दुकानात गेले.

आता तुला सगळं लिहिते. त्यांनी लिहू नकोस म्हटलं होतं. म्हणाले होते, “दादा माणूस वाईट नाही, त्याला वाक्य आवरत नाही एवढंच. कळलं तर जिवाला लावून घेईल.” म्हणून गप्प राहिले. पण तुझं मागचं पत्र आलं, फ्रेमचं, तेव्हा तीन दिवस मला तुझं अक्षर बघवेना.

तुमचे साहेब जुलैच्या शेवटी बैठकीला आले. शाखेचे सगळे होते, ठेकेदार होता, हे होते. साहेबांनी तुझा अहवाल काढला आणि तेवढं एकच वाक्य मोठ्याने वाचलं. सगळे हसले. साहेबांनी ते पुन्हा वाचलं. काउंटरवरच्या बाईंना तर डोळे पुसावे लागले. हेसुद्धा हसले. मी विचारलं, “तुम्ही का हसलात?” तर म्हणाले, “सगळे हसत असताना एकट्याने न हसणं फार अवघड असतं गं. आणि वाक्य खरंच चांगलं होतं.”

त्या दिवसापासून शाखेत यांना कुणी तारमास्तर म्हणालं नाही. हे आले की विचारायचे, “काय, आज मुक्काम कुठे?” ठेकेदाराने पंधरा दिवसांनी सांगितलं, कंपनी म्हणते माणूस बदला. जाड लाइन कुणी मागितली नाही आणि कुणी दिली नाही. तारेत दोष आहे म्हटल्यावर तार बदलायला पैसे लागतात, दादा. माणूस बदलायला लागत नाहीत.

लाँड्रीच्या वरची जागा म्हणजे दोन खोल्या आहेत. उजेड आहे, ते तुझं बरोबर. हे मिक्सर-पंखे दुरुस्तीच्या दुकानात बसतात. दुकान संध्याकाळी लवकर बंद होतं. म्हणून लवकर येतात.

तुझ्यावर राग नाही असं लिहिणार होते. पण फोनवर भांडायचं आणि पत्रात खरं बोलायचं असं आपलं ठरलंय. राग आहे. तू चुकलास याचा नाही. ते तर यांचंही चुकतं, परवा एक पंखा उलटा फिरेल असा दुरुस्त करून दिला. मी तुला एकच ओळ काढ म्हटलं होतं. आणि तू जिन्यापर्यंत जाऊन परत फिरलास.

चिंगी


३ नोव्हेंबर

चिंगे,

पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. माझी पत्रं मी उतरवून ठेवतो ते तुला माहीत आहे, माझ्या वाक्यांवर माझं फार प्रेम. सप्टेंबरचं काढून वाचलं. ‘छुपी रुस्तम.’ पुढे वाचवलं नाही.

माफी मागायला बसलो तर मधेच काहीतरी गमतीचं सुचतं आणि हात थांबतो. आयुष्यभर लावलेली खोड. म्हणून काय केलं तेवढंच सांगतो.

नवा अहवाल मागचं पत्र टाकलं त्याच दिवशी लिहिला होता. लाइन निर्दोष, लाइनवर काम करणारी व्यक्ती निर्दोष, दोष मांडणीत, मांडणी माझी. एक पान. एकही शोभेचा शब्द नाही. बरंका साहेबांनी आठवडाभर तो उघडला नाही. मग मीच त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी चाळला आणि म्हणाले, “बरं का, हे फारच रुक्ष झालंय. मागचा कसा मस्त होता!”

मी म्हटलं, “मागचा चूक होता.”

“असेल, असेल. पण आता तिकडचे संगणक धावतायत, बरं का. नवा माणूस हुशार निघाला. आला काय आणि महिन्या-दोन महिन्यांत लाइन पळायला लागली काय.”

“साहेब, लाइनला कुणी हात लावलेला नाही. मी इथे बसून एक ओळ खाली नेली.”

“मोठं मन आहे तुमचं,” म्हणाले. “दुसऱ्याला श्रेय देता.”

मासिक बैठकीत मी उभा राहून सगळ्यांसमोर तेच सांगितलं. पहारेकरी, आंधळं टेबल, सगळं. जसं होतं तसं सांगितलं, आणि ते हसले. त्यांना वाटलं मी नेहमीसारखी गंमत करतोय. मी ‘एका माणसाची नोकरी गेली’ म्हणालो तेव्हाही मागे कुणीतरी हसत होतं. चिंगे, मी या लोकांना तीस वर्षं शिकवलंय की मी तोंड उघडलं की हसायचं.

ठेकेदाराला भेटलो. तो सभ्य माणूस आहे. म्हणाला, जागा भरली आहे, नव्या माणसालाही बायकामुलं आहेत. त्याला काढा असं मी म्हणू शकलो नाही. एकदा तसं करून झालंय.

मी काय करू ते सांग. पैसे पाठवले तर तू ते परत करशील हे माहीत आहे. इथे दुसऱ्या एका कंपनीत ओळख आहे, तिथे शब्द टाकू का? मेहुणे येतील का? की माझा शब्दच नको?

दादा


११ नोव्हेंबर

दादा,

शब्द टाकू नकोस. यांना विचारलं. “त्याचे शब्द लांबवर जातात, नको,” म्हणाले. हसत म्हणाले, पण नको म्हणाले.

तू उभा राहून सांगितलंस ते यांना वाचून दाखवलं. ते हसले, तिथेही. मग विचारलं, “सगळे हसले तेव्हा तो हसला का?” मी म्हटलं, तसं लिहिलेलं नाही. “मग ठीक,” म्हणाले.

दुकान वाईट नाही. मालक म्हातारा आहे, त्याला डोळ्याने दिसत नाही, कानाने मोटर ओळखतो. यांचं त्याच्याशी जमतं. जुनी अवजारं सगळी ठेकेदाराची होती. निघताना मोजून परत द्यावी लागली. दुकानात दिवसभर दुसऱ्याच्या हत्याराने काम करतात. मुठीने हाताला फोड येतात. स्वतःचं असं एकच होतं, पिवळ्या मुठीचं, वडिलांनी पहिल्या नोकरीला घेऊन दिलेलं. ते तुझ्याकडे आहे. मागणार नाहीत. “त्याची खुर्ची त्यावर उभी आहे, राहू दे,” म्हणाले.

मी मागत नाहीये. तू विचारलंस काय करू, म्हणून कळवते.

चिंगी


१७ नोव्हेंबर

मेहुणे,

तुम्हाला स्वतंत्र पत्र लिहिण्याची ही पहिली वेळ. आजवर जे लिहिलं ते चिंगीला, आणि तुम्ही ऐकत होता.

सोबत तुमचा स्क्रूड्रायव्हर पाठवतो आहे. बदलायची टोकं सगळी आहेत, मोजून घ्या. चपट्या टोकाची कड माझ्या हातून थोडी घासली गेली आहे. मुठीवर शाईचा डाग आहे, तोही माझाच. पुसून पाहिला, जात नाही. फडक्यात गुंडाळला आहे ते फडकं ठेवून घ्या.

बाकी शाखांना खोकी रवाना झाली. पहारेकरी शेवटी बसतो. कुठूनही फोन नाही.

पुडकं बांधताना खुर्ची पुन्हा डावीकडे कलली. स्क्रूड्रायव्हर हातातच होता. पुडकं बांधून टपालात टाकायला खाली गेलो.

आपला,
चिंगीचा दादा